६० गिगाहर्ट्झवर रेट ४.६ जीबीपीएस दिसतो, मिळतो मात्र दीड. अडतंय कुठे?

तरंग:
८०२.११एडीची (६० गिगाहर्ट्झच्या वाय-फायची) दोन मॉड्यूल समोरासमोर ठेवलीत, अंतर तीन-चार मीटर, मधे काही नाही. ड्रायव्हर एमसीएस १२ (वेगाची पायरी) म्हणजे ४.६२ जीबीपीएस दाखवतो पण आयपर्फला (वेग मोजायचं टूल) एका टीसीपी स्ट्रीमवर कसाबसा दीड येतो, आणि मधून कोणी चालत गेलं की पार झोपतो. पॉवर वाढवूनही काही फरक नाही. अँटेना बदलू का?

बिनतारी:
अँटेनाला हात नको लावू. एमसीएस १२ टिकतोय म्हणजे सिग्नल चांगलाच आहे, वेळ जातोय तो मॅक लेयरमधे (चॅनेल कोणी कधी वापरायचं ते ठरवणारा थर). हिशोब बघ ना, १५०० बाइटचं पॅकेट या रेटला २.६ मायक्रोसेकंदात जातं, पण त्याच्या आधी प्रिॲम्बलच (रिसीव्हरला जुळवून घेता यावं म्हणून आधी जाणारा ठरलेला सिग्नल) १.९ खातं, मग हेडर, मग ३ मायक्रोसेकंदांचा सिफ्स (उत्तराआधीची ठरलेली छोटी थांबणूक), मग ॲक (मिळाल्याची पोच), आणि पुन्हा चॅनेल मिळेपर्यंत थांबायचं ते वेगळंच. रेट वाढवला तर डेटाचा वेळ तेवढा कमी होतो, हा वरचा खर्च आहे तिथेच राहतो. म्हणून ॲग्रिगेशन, म्हणजे बरीच पॅकेट एकत्र बांधून पाठवणं, हवंच. एडीमधे ए-एमपीडीयू (असा बांधलेला गठ्ठा) २,६२,१४३ बाइटपर्यंत जाऊ शकतो, तुझ्या ड्रायव्हरने मर्यादा किती ठेवलीय ते आधी बघ.

पॅकेटप्रेमी:
बिनतारीशी सहमत. आणि रांगेत पॅकेटच नसतील तर मोठा ॲग्रिगेट भरणार कशाने? चार स्ट्रीम लावून बघ, टीसीपी विंडो (पोच यायच्या आधी किती डेटा पाठवता येतो ती मर्यादा) वाढव, आणि टेस्ट चालू असताना एखादा सीपीयू कोअर शंभर टक्क्यांवर जातोय का तेही.

तरंग:
मर्यादा खूपच कमी होती! वाढवली, चार स्ट्रीम लावले, अडीचच्या वर गेला. खूप आभार दोघांचे. पण माणूस मधे आला की अजून तेच, ते ऑक्सिजन शोषणामुळे होतं का?

बिनतारी:
नाही रे, ऑक्सिजनचं ते किलोमीटरला साधारण १५ डीबी, खोलीत त्याचा विचारच करू नको. तरंगलांबी ५ मिलिमीटर, त्यामुळे लहर माणसाला वळसा घालून जात नाही, २० डीबी सहज जातात आणि एवढी तूट पॉवर वाढवून भरत नाही. एक मॉड्यूल डोक्याच्या वर चढव, मग बराचसा त्रास तिथेच मिटेल. तरी अडलं तर बीम भिंतीवरून किंवा छतावरून परावर्तित होऊन पोचायला हवा, त्यासाठी सेक्टर स्वीप (बीमची चांगली दिशा म्हणजे सेक्टर शोधणं) लगेच पुन्हा होतोय का लॉगमधे बघ. काही ड्रायव्हर लिंक पूर्ण तुटेपर्यंत जुनाच सेक्टर धरून बसतात. ५ गिगाहर्ट्झचं रेडिओ असेल तर फास्ट सेशन ट्रान्सफर (चालू कनेक्शन दुसऱ्या बँडवर नेणं) चालू कर, वेग उतरेल पण कनेक्शन तुटणार नाही.