निरोप : द्यायचा, घ्यायचा की सांगायचा?

प्रश्न : मी सात-आठ वर्षांचा असेन. साताऱ्याला आत्याकडे गेलो होतो. निघताना आई म्हणाली, "एसटीची वेळ झाली, आत्याचा निरोप घेऊन ये पटकन." मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. "आत्या, निरोप दे." ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "आईला सांग, मागच्या वेळचे दोन डबे तुझ्याकडेच राहिलेत." मी तो निरोप चारचौघांत, खड्या आवाजात पोचवला.

तर प्रश्न असा. कुणाहाती कळवलेलं बोलणं तोही निरोप आणि निघतानाची रजा तोही निरोप. हा एकच शब्द आहे, की दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे दिसतात?

प्रतिसाद : एकच. मूळ संस्कृत 'निरूप्', म्हणजे नीट उलगडून सांगणे. कीर्तनातलं निरूपण तेच. जुन्या मराठीत 'निरोपणे' हे क्रियापद सर्रास चालायचं. दासबोधात 'निरोपिलें' पावलोपावली भेटतं, अर्थ 'सांगितलं'. तेव्हा सांगितलेली गोष्ट तो निरोप, हे सरळ आहे. रजेच्या अर्थासाठी मला कानडीकडे बघावंसं वाटतं. तिथे 'निरूप' म्हणजे हुकूम. थोरांनी सांगितलं की ती आज्ञा, आणि 'या आता' अशी आज्ञा झाली की ती रजा. पेशवाईत दरबारातून निघणाऱ्याला 'निरोपाचे विडे' मिळायचे ते यामुळेच. म्हणजे निरोप देतो तो राहणारा, घेतो तो जाणारा. 'निवृत्त होणाऱ्या सरांनी विद्यार्थ्यांना निरोप दिला' अशी वाक्यं हल्ली दिसतात, ती उलटी आहेत.

प्रतिसाद : व्यवहारात घोळ क्वचित होतो, कारण क्रियापद सांभाळून घेतं. धाडला, ठेवला, पोचला, विसरला म्हटलं की कळवायचा निरोप. घेतला म्हटलं की बहुधा रजा. 'दिला' मात्र दोन्हीकडचा. 'शेजारच्या काकूंना निरोप दिला' म्हटल्यावर काकू कुठे निघाल्या, असं कुणी विचारलं तर त्याची चूक नाही. आमच्या गावाकडे कळवायचा तो 'सांगावा', जेवायला बोलावणं असेल तर 'आवतण'. तिथे प्रश्नच मिटला.

आणखी एक. निरोपाला तिसरा माणूस लागतो. मी तुम्हाला थेट फोन केला तर तो निरोप नव्हे. वाण्याच्या पोराबरोबर 'संध्याकाळी येऊन जा' म्हणून सांगितलं तर निरोप. मोबाइल आला आणि मेसेज उरला, निरोप्या गेला. त्याच्याबरोबर 'अहो, निरोपच मिळाला नाही' ही हुकमी सबबही गेली. निळ्या खुणा दिसतात ना!

प्रतिसाद : बोलण्याची दोन कामं या शब्दात शेजारी शेजारी बसली आहेत, हे मला भारी वाटतं. एक, माहिती पोचवायची. दुसरं, नातं टिकवायचं. मालिनोव्स्की हा मानवशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला होता. तिथल्या लोकांच्या भाषेबद्दल लिहिताना १९२३ मध्ये त्याने या दुसऱ्या प्रकारच्या बोलण्याला 'फॅटिक' म्हटलं. आपल्याकडे उदाहरणांना तोटा नाही. 'काय, जेवलात का?' याला भाजी कुठली होती ते कुणी सांगत बसत नाही. 'येतो हं' म्हणणारा चपलेत पाय घालत असतो, आणि 'जातो' म्हणालात तर आजी तिथल्या तिथे टोकणार. गणपतीला निरोप देतानाही आपण ओरडतो ते 'पुढच्या वर्षी लवकर या'.

प्रतिसाद : एवढं काव्य नको. आज्ञेवरून रजा आली, अर्थ सरकला, संपलं. शब्द काही नात्यांचा विचार करून अर्थ बदलत नाहीत. 'येतो'चं म्हणाल तर ते अशुभ टाळणं आहे. बांगडी 'वाढवली' म्हणतात त्यातलंच. जवळीक वगैरे नंतर.

प्रतिसाद : अशुभ कुणासाठी टाळायचं? ज्याच्याशी जवळीक आहे त्याच्यासाठीच ना? अनोळखी माणूस दुकानातून 'जातो' म्हणून गेला तर वाणी कशाला टोकेल?

मूळ प्रश्नकर्ता : सगळ्यांचे आभार. विड्यांचं माहीत नव्हतं. काल आत्याला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, डबे दोन नव्हते, तीन होते.