घड्याळ एक, सूर्य दोन : अमळनेर आणि डुमडुमा

"घड्याळ एकच, मग आसामात डुमडुमाला इतक्या लवकर का अंधारतं?" या प्रश्नाला धरून. भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशाची. एका अंशाला ४ मिनिटं. खान्देशातलं अमळनेर साधारण ७५° वर, म्हणून मध्यान्ह सरासरी १२:३० ला. डुमडुमा ९५.५° वर, तिथे ११:०८ लाच. फरक ८२ मिनिटांचा.

चूक पुढे होते. हाच आकडा सूर्योदयालाही लावला जातो आणि अक्षांश राहून जातो. डुमडुमा साडेसहा अंश उत्तरेला असल्याने जूनमध्ये सूर्योदयातलं अंतर दीड तासावर जातं, डिसेंबरात सव्वा तासाच्या आत येतं. सूर्यास्ताचं नेमकं उलट.

आसामच्या चहामळ्यांचा 'बागान टाइम' (मळ्यांची स्वतःची वेळ) प्रमाणवेळेच्या तासभर पुढे चालतो, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो. खान्देशात वैशाखात मजूर उजाडताच रानात निघतात. घड्याळ मात्र तेच राहतं.