मदत हवी आहे: 'द सिम्पसन्स'मधल्या विडंबनाची मराठी सबटायटल्स

आईला इंग्रजी फारसं कळत नाही, पण 'द सिम्पसन्स' ही अमेरिकन कार्टून मालिका तिला मनापासून आवडते. म्हणून घरच्यापुरती मराठी सबटायटल्स करतोय. 1994च्या हॅलोविन भागातल्या पहिल्या गोष्टीत अडलोय. ती स्टॅन्ली कुब्रिकच्या 1980च्या 'द शायनिंग'चं विडंबन आहे.

शाळेचा माळी विली सिम्पसन्सच्या मुलाला, बार्टला सांगतो, तुझ्यात 'शिनिंग' (म्हणजे दुसऱ्याचं मन वाचायची शक्ती) आहे. बार्ट म्हणतो, 'शायनिंग' म्हणायचंय ना? विली घाबरून त्याला गप्प करतो, खटला भरतील म्हणून! 'शिनिंग'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये फक्त एक 'एन' जास्त आहे, त्यातच सगळी गंमत. दोन्ही शब्द तसेच ठेवले तर आईला विली अडखळला असं वाटलं. 'चमक' आणि 'चमकी' करून पाहिलं. कानाला बरं लागतं, पण सिनेमाच्या नावाशी धागा तुटतो, मग खटल्याची भीती कशाची ते कळत नाही. मराठी सिनेमाचं नाव घालूनही पाहिलं, पण पडद्यावर बर्फात अडकलेली हवेली, तिथे ते अगदीच उपरं वाटतं.

मूळ सिनेमा आधी दाखवणं शक्य नाही, भयपट ती बघत नाही. भाग सुरू होण्याआधी दोन वाक्यांत गोष्ट सांगू शकतो. मध्येच थांबवून समजावलं की हसू जातं, आणि कंसात टीप द्यायला दोन ओळींत जागा नाही.

खटल्याचा विनोद शाबूत राहील अशी, एका अक्षराने फसणारी मराठी शब्दांची जोडी कुणाला सुचते का? की सिनेमाचं नाव आधी सांगून 'शायनिंग-शिनिंग'च ठेवू?