देश आतून दुभंगतात ते नेमके कशामुळे?

सहकारनगरकर: पर्वतीच्या पायऱ्या चढून आल्यावर आम्ही सात जण गेली कित्येक वर्षे एकाच कट्ट्यावर बसत होतो. गेल्या निवडणुकीपासून त्यातले तिघे परस्पर खाली उतरतात, आणि एकाने मुलीच्या लग्नाची पत्रिकाही दुसऱ्याला दिली नाही. अमेरिका, ब्रिटन, पोलंड इथलेही असेच वाचनात येते. मग याचे मूळ मोबाइलमध्येच आहे असे मानावे का?

मुठाकाठ: मोबाइलने आगीत तेल ओतले, पण आग त्याने लावलेली नाही. बारा देशांतील चाळीस वर्षांच्या जनमत चाचण्या पडताळून अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात विरोधी पक्षाबद्दलचा दुरावा अमेरिकेत सर्वांत वेगाने वाढलेला दिसला, तर जर्मनी आणि स्वीडनमध्ये तो उलट कमी झाला. इंटरनेट तर तिन्हीकडे पोचले होते.

औंधची वाचक: अमेरिकेपुरते लिहिते. १९५० साली तिथल्या राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीची तक्रार होती की दोन्ही पक्षांत पुरेसा फरकच नाही! त्या काळी दक्षिणेतील वर्णभेदाचे समर्थक आणि उत्तरेतील कामगार संघटना एकाच डेमोक्रॅटिक पक्षात नांदत होत्या. वर्णभेदावर बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा झाल्यावर दक्षिणेतील गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे सरकले, आणि पुढच्या काही दशकांत वर्ण, चर्च, गाव-शहर आणि पक्ष या सगळ्या रेषा एकमेकींवर येऊन बसल्या. पूर्वी पक्षाने विरोधक असलेला माणूस निदान त्याच चर्चमध्ये भेटायचा. ते धागे तुटले की निवडणूक हरणे म्हणजे सर्वस्व हरणे वाटू लागते. माझ्या मते मूळ इथे आहे.

बाजीराव रस्ता: हे पटते, पण पुरते नाही. नेदरलँड्समध्ये कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि समाजवादी यांच्या शाळा, वृत्तपत्रे, कामगार संघटना, पुढे रेडिओसुद्धा १९६० च्या दशकापर्यंत वेगवेगळे होते. तरी देश फुटला नाही. १९१७ च्या तडजोडीत धार्मिक शाळांना सरकारी शाळांइतकेच अनुदान आणि मतांच्या प्रमाणात संसदेत जागा, दोन्ही एकदमच मान्य झाले. एकट्याच्या बळावर कोणालाच बहुमत मिळेना, त्यामुळे नेत्यांना एकमेकांशी बोलणे भागच होते. याउलट ब्रिटनमध्ये २०१६ साली युरोपीय संघ सोडायचा की नाही या एकाच प्रश्नावर ५२ विरुद्ध ४८ टक्के असा कौल लागला आणि मधली वाटच उरली नाही.

सहकारनगरकर: परंतु पोलंडमध्येही मतांच्या प्रमाणातच जागा मिळतात ना?

बाजीराव रस्ता: मिळतात, पण आघाडीला किमान ८ टक्के मते लागतात. २०१५ साली डाव्यांची आघाडी त्या उंबरठ्यावर अडली, तिची मते वाया गेली, आणि सुमारे ३८ टक्के मतांवर एका पक्षाला ४६० पैकी २३५ जागा मिळाल्या. कोणाशी बोलण्याची गरज न उरलेल्या त्या सरकारने लगेच घटनात्मक न्यायालय आणि सरकारी दूरचित्रवाणीवर पकड बसवायला सुरुवात केली.