जखमीला उचललं तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागतो का? (सत्रासाठी मदत हवी)

पायवाट:
नमस्कार मंडळी. १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनाला कॉलेजच्या एनएसएस युनिटसाठी तासाभराचं सत्र घ्यायचं आहे. ‘हक्क मागता तर कर्तव्यंही पाळा’ हे ऐकून मुलं जांभया देतात, म्हणून यंदा एकच प्रसंग घ्यायचा विचार आहे. दुचाकीवाला रस्त्यात पडलाय, भोवती वीस-पंचवीस बघे आणि त्यांतले निम्मे मोबाईल धरून. जगण्याचा हक्क त्या जखमीचा आहेच, पण त्या क्षणी तो त्याच्यापर्यंत पोचवणार कोण?

मला नेमकं हवंय ते असं: मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण कितपत आहे? नाव-पत्ता द्यावाच लागतो का? आणि हात लावायचा तर कसा? चुकीचं उचलून माणूस आणखी बिघडतो असं ऐकलंय. भाषण नको, वापरता येईल अशी माहिती द्या.

कलमबहाद्दर:
कायद्यापुरतं मी सांगतो, उचलायचं कसं ते जाणकार सांगतील.

मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं. कुणी बक्षिसाची अपेक्षा न ठेवता, स्वेच्छेने आणि सद्भावनेने अपघातग्रस्ताला मदत केली आणि त्यात हयगय होऊन जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. कायद्यात त्याला ‘गुड समॅरिटन’ म्हटलंय. त्याआधी, मार्च २०१६मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांना देशभर बंधनकारक केलं होतं.

नाव-पत्त्याचं उत्तर केंद्रीय मोटार वाहन नियम १६८ आणि १६९मध्ये आहे. पोलीस किंवा इतर कुणीही नाव, पत्ता, फोन नंबर देण्याची सक्ती करू शकत नाही. स्वतःहून द्यायचा तर द्या. साक्षीदार व्हायला तयार असाल तर जबाब तुमच्या सोयीच्या जागी आणि वेळी, म्हणजे घरी किंवा दुकानात, आणि तोही साध्या कपड्यांतल्या अधिकाऱ्याने घ्यायचा. तुम्हीच ठाण्यात जायचं ठरवलंत तर एकाच बैठकीत, विनाकारण न ताटकळवता जबाब पुरा करायचा. प्रत्येक सरकारी-खासगी रुग्णालयाने मदत करणाऱ्याच्या या हक्कांची सनद हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, दर्शनी जागी लावणं सक्तीचं आहे. मुलांना गावातल्या चार रुग्णालयांच्या दारात हा फलक शोधायला पाठवा. माझ्या भाषणापेक्षा ते जास्त शिकवेल.

लोक एक गल्लत करतात. कॅज्युअल्टीत ‘एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची नोंद) करावी लागेल’ असं ऐकलं की आणणारा धसकून पळ काढतो. एमएलसी नोंदवणं आणि पोलिसांना कळवणं हे रुग्णालयाचं काम, त्याला तुमच्या सहीची गरज नाही. आणि ‘आधी पोलीस येऊ द्या, मग उपचार’ हे तर १९८९पासून चालत नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा असं बजावलं. त्यातला स्कूटरस्वार जवळच्या रुग्णालयात नेला होता. ‘पोलीस केस आम्ही घेत नाही’ म्हणून त्याला २० किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात धाडलं आणि तो वाटेतच गेला.

पट्टीबांधणी:
प्रथमोपचार शिकवणाऱ्याच्या नजरेतून लिहितो. पहिलं काम जखमीचं नाही, स्वतःचं. आपली गाडी अलीकडे थांबवून हजार्ड लाइट लावा. एकाला मागे पन्नासेक मीटरवर उभं करून येणारी वाहनं बाजूने काढायला सांगा. मदतीला धावलेला माणूसच मागून येणाऱ्या ट्रकखाली जातो, हे हायवेवर नवीन नाही. पडलेल्या गाडीची चावी बंद करा.

दुसरं, फोन. १०८ किंवा ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. ‘कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा’ असं गर्दीत ओरडलं की कुणीच बोलवत नाही. ‘निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा आणि काय म्हणतात ते मला सांगा’ असं एकाला बोट दाखवून सांगा. पत्ता देताना ‘अमक्या ढाब्याच्या पुढे’ नको. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि कुठल्या दिशेची लेन, एवढं पुरतं. दुभाजक असलेल्या रस्त्यावर दिशा चुकली तर अ‍ॅम्ब्युलन्स समोरून निघून जाते आणि पुढच्या कटपर्यंत जाऊन वळून येते. नंतर तो फोन मोकळा ठेवा, चालक पुन्हा विचारतो.

तिसरं, रक्त. स्वच्छ कपड्याची घडी, रुमाल किंवा ओढणी जखमेवर ठेवून तळहाताने जोरात दाबा. घड्याळ लावून १० मिनिटं. मधे ‘थांबलं का’ म्हणून उचलून बघायचं नाही, नाहीतर धरत आलेली गुठळी सुटते. कापड भिजलं तर काढू नका, त्यावरच दुसरं ठेवा. हातापायातून धार लागली असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर, सांधा सोडून, चार बोटं रुंद पट्टी आवळा. सुतळी किंवा वायर नको, ती मांसात रुतते. आवळल्याची वेळ पेनने हातावर लिहा. काच, सळई रुतलेली असेल तर ओढू नका, तिनेच भोक बुजवलेलं असतं. हळद, कॉफी, माती काही भरायचं नाही.

पाणीही पाजायचं नाही. लोकांना हे फार निर्दय वाटतं, पण अर्धवट शुद्धीतला माणूस ते पाणी फुप्फुसात घेतो आणि शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर भरलेलं पोट भूल देणाऱ्याला अडचणीचं ठरतं. कांदा हुंगवणं, गालावर चापट्या मारणं हेही बंद.

आता उचलण्याबद्दल. आग, पाणी किंवा वाहत्या रहदारीचा धोका नसेल तर अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत जागेवरच ठेवा, फक्त डोकं आणि मान दोन्ही हातांनी स्थिर धरा. चौघांनी हातपाय धरून झोळीसारखं उचललं, रिक्षात घडी घालून कोंबलं, की मणक्याला मार असेल तर तो तिथेच पक्का होतो. अ‍ॅम्ब्युलन्स येणारच नसेल तर रिक्षापेक्षा ‘छोटा हत्ती’ बरा. हौदात फळी ठेवून, डोकं-खांदा-कंबर एका रेषेत ठेवत, एकाच्या ‘एक-दोन-तीन’वर सगळ्यांनी मिळून घ्यायचं.

हेल्मेट शक्यतो काढू नका, काच मात्र वर करा. श्वास नसेल तर काढावंच लागतं, पण दोघांनी. एकजण खालून मान-हनुवटी धरतो, दुसरा हळूच सरकवतो. १० सेकंद बघूनही छाती हलत नसेल तर छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. अधूनमधून येणारी घरघर म्हणजे श्वास नव्हे, हे मुलांना तीनदा सांगा, कारण लोक तिथेच फसतात. बेशुद्ध आहे पण श्वास नीट चालू आहे आणि तोंडात रक्त किंवा उलटी आहे, तर मान सांभाळत कुशीवर. मणक्याची भीती खरी असली तरी श्वासनलिका आधी.

पायवाट:
दोघांचेही आभार. एक अडचण आहे. आमच्याकडची मुलं हमखास विचारतात: तो दारू पिऊन, हेल्मेट न घालता, रॉंग साइडने आला असेल तर? त्याने त्याचं कर्तव्य पाळलं नाही, मग आम्ही का पाळायचं?

कलमबहाद्दर:
हा प्रश्न आला तर सत्र वसूल झालं समजा. त्याचा उपचाराचा हक्क त्याच्या वागण्याचं बक्षीस नाही. दारूची केस वेगळी होईल, दंड होईल, पण रक्त आधी थांबवायचं. मानवी हक्कांच्या १९४८च्या जाहीरनाम्यात कलम २९ समाजाप्रती कर्तव्यांबद्दल बोलतं, पण कर्तव्य चुकलं तर हक्क गेला असं त्यात कुठेही नाही. आपल्या घटनेतल्या कलम ५१अचंही तेच. १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने दहा कर्तव्यं आली, २००२मध्ये अकरावं. न पाळल्याबद्दल त्या कलमाखाली थेट शिक्षा नाही. ‘कर्तव्य आधी, हक्क नंतर’ असं फलकावर लिहू नका एवढीच विनंती. ऐकायला भारदस्त आहे, पण चूक आहे.

ज्याच्या गाडीने अपघात झाला त्या चालकाची गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४खाली जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. जमाव मारायला उठला किंवा परिस्थिती हाताबाहेर असली तरच सूट. टाळलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. रस्त्याने जाणाऱ्या तुम्हा-आम्हाला असं बंधन आपल्या कायद्यात नाही.

राईनकाठ:
इथे जर्मनीत ते आहे. फौजदारी संहितेचं कलम ३२३क: शक्य असून मदत टाळली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. मदतीला आलेल्यांना अडवणाऱ्या बघ्यांनाही तेच कलम लागतं. नुसता कायदा मात्र नाही. लायसन्सच्या आधी प्रथमोपचाराचा ४५-४५ मिनिटांच्या नऊ तासिकांचा वर्ग सक्तीचा, आणि गाडीत प्रथमोपचार पेटी, धोक्याचा इशारा देणारा त्रिकोण, चमकतं जॅकेट लागतंच. आधी शिकवतात, मग जबाबदार धरतात. तो क्रम मला बरा वाटतो.

पट्टीबांधणी:
क्रम पटला. पायवाट, सत्रात टँकरचाही विषय घ्या. उलटलेल्या टँकरकडे कॅन घेऊन पळणारे आणि जखमीकडे न बघणारे, ही आपली दुखरी जागा आहे. टँकरवरच्या नारिंगी फलकाचा आकडा शिकवा: १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे एलपीजी. दिसला की वारा जिकडून येतोय त्या बाजूला लांब व्हायचं, टँकरजवळ विडी-मोबाईल बंद, आणि लांब गेल्यावर तो आकडा ११२वर सांगायचा.

फोटोबद्दल: गाड्यांची जागा आणि नंबरप्लेट दिसेल असे लांबून दोन पुरे, ते पोलिसांना द्या. जखमीचा चेहरा ग्रुपवर नको. घरच्यांना बातमी तिथून कळते.

सरावाला जुनी ओढणी, पेन आणि घड्याळ लागेल. तीन-तीनचे गट करा, एक जखमी, एक दाबणारा, एक फोनवाला. पूर्ण १० मिनिटं दाबायला लावा. चौथ्या मिनिटाला हात थरथरतो आणि मुलं आपोआप आळीपाळीने धरायला शिकतात. हात बदलताना दाब सुटू द्यायचा नाही, तेवढं बघा.