प्रति: पेनड्राइव्हवरून .रन फाईल चालवताना

फायली दाबून एकत्र करणाऱ्या सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरला -एसएफएक्स (स्वतःहून उघडणारी फाईल बनवायचा पर्याय) दिलं की बनलेली एक्झी (.exe फाईल) कुठंही उघडते, असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय, ते विंडोजपुरतंच खरं. लिनक्सवर ती चालत नाही. तिथं सेव्हन-झिप असेल तर आतलं सामान काढता येतं, पण मग ते स्वतःहून उघडणारं कसलं?

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमधली उबुंटूची (म्हणजे लिनक्सचीच) मशिनं नेटला जोडलेली नाहीत, सगळं पेनड्राइव्हनं जातं. तिथं मेकसेल्फच बरं; ते अख्ख्या फोल्डरची स्वतःहून उघडणारी .रन फाईल बनवतं. कमांडमध्ये आधी फोल्डर, मग .रन फाईलचं नाव, मग लेबल (उघडताना दिसणारं वर्णन), शेवटी उघडल्यावर चालवायची स्क्रिप्ट (कमांड लिहिलेली फाईल), आणि या स्क्रिप्टआधी डॉट-स्लॅश (./) हवाच. तयार फाईल म्हणजे वर साधी शेल स्क्रिप्ट, खाली जोडलेला टार-जीझिप (दाबलेल्या फायलींचा गठ्ठा). समोरच्या मशिनवर वेगळं काही बसवावं लागत नाही.

अजून कुणी न लिहिलेली अडचण म्हणजे फॅट 32 पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह. त्यावर सीएचमॉड (फाईलला चालवायची परवानगी देणारी कमांड) लागूच होत नाही आणि 'परमिशन डिनाइड' येतं. त्यापेक्षा 'एसएच' लिहून पुढं फाईलचं नाव द्या, सरळ चालते. त्याआधी एकदा त्याच कमांडच्या शेवटी --चेक जरूर द्या. कॉपी अर्धवट झाली असेल तर चेकसम (फाईल शाबूत आहे का ते ताडून पाहायचा आकडा) तिथंच सांगतो. स्क्रिप्ट न चालवता नुसतं आत डोकावायचं असेल तर --नोएक्झेक (स्क्रिप्ट चालवू नको) आणि --टार्गेट (सामान कुठल्या फोल्डरमध्ये काढायचं ते) द्या.