विली नेल्सन: आधी गीतकार, मग गायक

अमेरिकेतला कंट्री संगीताचा गायक विली नेल्सन याचं करिअर १९७५च्या 'रेड हेडेड स्ट्रेंजर' या अल्बमपासून सुरू झालं, असं कुणी कुणी म्हणतं. गायक म्हणून खरं नाव झालं ते तेव्हा, मान्य. पण तोवर त्याची चाळिशी उलटली होती आणि गीतकार म्हणून नाणं कधीच खणखणीत वाजलं होतं. १९६१मध्ये पॅट्सी क्लाइनने गायलेलं 'क्रेझी' त्याचंच. त्याच वर्षी गाजलेलं, फॅरन यंगने गायलेलं 'हॅलो वॉल्स'सुद्धा त्यानेच लिहिलेलं. कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला त्याची गाणी हवी होती, आवाज नको होता! तो तालाच्या किंचित मागेपुढे रेंगाळत गातो, आणि तिथे तेव्हा व्हायोलिनं, कोरस लावून सगळं गुळगुळीत करायची पद्धत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गडी टेक्सासला, ऑस्टिनला परतला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मी तर व्हिडिओत त्याच्याकडे कमी आणि गिटारकडेच जास्त बघत बसतो. नाव 'ट्रिगर'. मार्टिनची नायलॉन तारांची गिटार, खरं तर बोटांनी वाजवायची. हा पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकतीने, वाजवतो. घासून घासून मूळ भोकाशेजारी लाकडाला दुसरं भोक पडलंय, कडा पार झिजल्यात, वर कुणाकुणाच्या सह्या. १९९०मध्ये कर थकला म्हणून मालमत्तेवर टाच आली, तेव्हाही ही मात्र त्याने सरकारच्या हाती लागू दिली नाही.

आणि त्याचा 'स्टारडस्ट' (१९७८) हा अल्बम नक्की ऐका. जुनी पॉप गाणी आहेत, कट्टर कंट्रीवाले नाक मुरडतील. मुरडू देत.